पिंजरा उघडू नका

कोक्विटलाम
१७ मे

चि. चैत्राली,

हे तिसरं पान. पहिल्यावर सवयीने ‘चि. सौ.’ लिहिलं गेलं, दुसऱ्यावर ‘सौ.’ खोडलं तर ते जास्तच डोळ्यात यायला लागलं. म्हणून आता नुसतं चि. तेवढा आशीर्वाद द्यायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर बंद केलंस, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी नागपूरच्या पोस्टात एकतीस वर्षं काढली आहेत. मला पुरतं बंद करायचं तर तुला पोस्टमनशी भांडावं लागेल. तुझा देशाच्या दुसऱ्या टोकाचा, हॅलिफॅक्सचा पत्ता तुझ्या टॅक्सच्या पाकिटावरून उतरवून घेतला. तुझी पाकिटं येतात त्यांवर नवा पत्ता घालून माझा शंतनु पुढे पाठवतो, नवरा म्हणून तेवढं तरी तो इमानाने करतो.

लिहायचं कारण असं की मागच्या मंगळवारी मला एक फोन आला. “चैत्राली जी का न्यूक रेडी है, कब ले जाओगे?” मला वाटलं काहीतरी औषध असेल. मग कळलं, पोळ्याच्या पाच चौकटींवर बसलेली दहा हजार मधमाश्यांची पेटी. जानेवारीत तू ती सांगून ठेवली होतीस आणि मी दिवसभर घरी असते म्हणून दुसरा नंबर माझा दिला होतास. तू मार्चमध्ये घर सोडलंस तेव्हा ती रद्द करायचं तुझ्या लक्षात राहिलं नसेल. कसं राहील?

‘नको’ म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “शनिवारी येतो.”

आता तू हसशील. तू लायब्ररीतल्या मधमाश्यांच्या कोर्सला जायचीस तेव्हा मीच म्हटलं होतं ना, घरात एवढी माणसं सांभाळायची सोडून माश्या कशाला? एवढी माणसं म्हणजे मी आणि शंतनु. तेव्हा तू पाण्याची बाटली घेतलीस आणि गेलीस.

शंतनु म्हणाला, “आई, आर यू सीरियस? कोणाला अ‍ॅलर्जी असली तर? नेबर्स कम्प्लेन करतील.” पण गाडी काढली. पिट मेडोजला ब्लूबेरीच्या शेतांच्या कडेला एका सरदारजींचं कोठार आहे, गुरमेलजी त्यांचं नाव, वय सत्तरच्या पुढे, दाढी पांढरी शुभ्र. त्यांनी पेटी मागच्या सीटवर ठेवली आणि वर पट्टा लावला. परत येताना आम्ही दोघं पुढे गप्प आणि मागे दहा हजार जणी बोलतायत. शंतनूने रेडिओ लावला आणि पुन्हा बंद केला.

तुझी रिकामी पेटी मागच्या अंगणात, सीडरच्या कुंपणापाशी मांडली आहे. तूच जागा ठरवली होतीस, सकाळचं ऊन लागतं तिथे.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय पाकीट बंद करू नये, एवढी लाज मला आहे. जाताना दारात बूट घालत तू म्हणालीस, “आई, मला तुमच्याकडून काही नको. माझ्या बाबांना तेवढं खरं सांगा.” गॅरेजमध्ये काय झालं याबाबत तुझे बाबा माझ्या शब्दावर विसंबून बसले आहेत आणि तुझ्याशी बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी अजून त्यांना फोन केलेला नाही. का केला नाही, ते आज लिहीत नाही.

सही काय करावी कळत नाही.

सुहासिनी


कोक्विटलाम
५ जून

चि. चैत्राली,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. पोस्टातला माणूस एवढ्यावर समाधान मानतो.

मला आतापर्यंत सहा डंख झालेत. त्यातले चार एकाच दिवशी, आणि ती चूक माझी. गुरुवारचा उपास होता, दोन केळी खाल्ली आणि हात न धुता पेटी उघडली. गुरमेलजींना फोनवर सांगितलं तर ते हसतच सुटले. चिडलेल्या माशीचा जो वास असतो ना, तो केळ्यासारखाच असतो म्हणे. एकीने डंख मारला की तो वास सुटतो आणि बाकीच्या धावून येतात. म्हणजे मी भांडणाचं निमंत्रण हाताला लावून गेले होते. “बहनजी, उपवास रखो या मक्खी रखो,” म्हणाले. मी आता गुरुवारी साबुदाणा खाते.

तुझा पांढरा पोशाख मला आखूड होतो आणि पोटावर दाटतो. खाली सलवार, वर जाळीची टोपी. समोरच्या घरातली आजी फोटो काढून गेली.

पेटीत दहा चौकटी मावतात, पाच माश्यांबरोबर आल्या, पाच हव्या होत्या. तू ठोकून, मेण चढवून ठेवलेल्या दहा चौकटी आठवल्या म्हणून गॅरेजमध्ये शोधायला गेले. फळी निसटून पडल्या होत्या त्या. शंतनूने एका खोक्यात भरून घर तापवायच्या फर्नेसच्या मागे ठेवल्यात. तीन धड निघाल्या, सात मोडक्या. दोन गुरमेलजींनी दिल्या.

मी रोज पेटी उघडायचे. खरंच सांगते, राहवत नाही. अंडी घातली का, मध आणला का, राणी कुठे आहे. पोळ्याच्या एका घरात तळाला उभं पांढरं अंडं दिसलं, तांदळाच्या कणीहूनही बारीक, आणि मला इतका आनंद झाला की सांगायला घरात कोणी नव्हतं म्हणून मी तुळशीला सांगितलं. गुरमेलजी बघायला आले तेव्हा माझी ही रोजची हजेरी ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. “बहनजी, किसी के घर की छत रोज़ उठाकर देखोगे तो वो घर कैसे बसाएगा? दस दिन में एक बार. बाहर कुर्सी लगाओ, दरवाज़ा देखो.”

ते गेले आणि मी खुर्ची टाकून बसले. तुझ्या कपाटाची खालची फळी आठवली. मी इथे आले त्या महिन्यात तू ऑफिसला गेलीस की मी ती लावायचे, साड्या वेगळ्या, स्वेटर वेगळे, आणि मला वाटायचं मी मदत करते. एकदा तू म्हणालीस, “आई, मला माझ्या वस्तू सापडत नाहीत.” मी दोन दिवस रुसून जेवले नव्हते. शंतनूला वाटलं तू मला काहीतरी बोललीस, आणि मी त्याला तसं वाटू दिलं.

आता दहा दिवसांनीच उघडते.

सुहासिनी


कोक्विटलाम
२४ जून

चि. चैत्राली,

राणी मेली. मी मारली.

चौकट परत ठेवताना ती दोन चौकटींच्या मध्ये चेंगरली असणार, मला कळलंही नाही. परवा उघडलं तर एकही अंडं नाही, माश्या सैरभैर, आणि आवाजही वेगळा, तक्रार केल्यासारखा. गुरमेलजींनी एकेक चौकट उन्हात धरून पाहिली आणि म्हणाले, “गई.” माश्या स्वतः नवी राणी वाढवू शकतात, पण त्यात महिना जातो आणि ही पेटी तेवढा दम धरणार नाही. म्हणून ते त्यांच्याकडची तयार राणी देणार आहेत, पुढच्या शुक्रवारी, चार तारखेला.

ती काडेपेटीएवढ्या लाकडी पिंजऱ्यात येते. पिंजऱ्याच्या एका तोंडाला साखरेच्या गोळ्याचं बूच असतं. तो पिंजरा तसाच पेटीत टांगायचा आणि चार-पाच दिवस हात लावायचा नाही असं ते सांगत होते. मी ‘हो’ म्हटलं, पण मला काही ते पटलेलं नाही. आमच्याकडे नवी नवरी दारात आली की माप ओलांडून आधी आत घेतात. ताटकळत ठेवणं अपशकुन. त्या बिचारीला आपल्याच घरात चार दिवस कोंडून ठेवायचं? बाकीच्या तिला बाहेरून बघणार आणि ही आतून? मी तर ठरवलं आहे, पेटीला हळदीकुंकू लावायचं, तिला बाहेर काढायचं आणि सरळ तिच्या माणसांत सोडायचं. शुक्रवार आहे, वार पण चांगला.

हसू नकोस. पहिल्यांदाच तर राणी येतेय माझ्याकडे.

काल तुझ्या आईचा फोन आला होता. प्रभाताई माझ्याशी फार जपून बोलतात, विहीण म्हणून की भीतीने, कळत नाही. म्हणाल्या, तू रविवारी फोन करतेस तेव्हा विश्वनाथराव उठून गॅलरीत जातात. तुझं नाव काढू देत नाहीत. “मुलीने नवऱ्यावर खोटा आळ घेतला, मी कोणत्या तोंडाने बोलू?” असं म्हणतात. प्रभाताईंनी मला विचारलं, “सुहासिनीताई, तुम्ही तर तिथेच होता ना?”

मी म्हटलं, लाइन नीट येत नाही.

सुहासिनी


कोक्विटलाम
८ जुलै

चैत्राली,

तुझं कार्ड आज सकाळी आलं. समोर बोटींचं चित्र. मागे ना ‘आई’, ना नाव, ना तारीख. दोनच ओळी: ‘पिंजरा उघडू नका. त्यांचा त्यांना उघडू द्या.’

बाई गं, चार महिन्यांत तुझं पहिलं अक्षर. आणि ते मंगळवारी आलं. राणी शुक्रवारी आली होती.

काय झालं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगू? मी अंघोळ करून, केसांना तेलसुद्धा न लावता गेले. पेटीच्या कडेला हळदीकुंकू लावलं. पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूचं बूच चिमट्याने काढलं आणि तिला चौकटीवर उतरवलं. लांब पोटाची, तपकिरी, फार देखणी होती. दोन पावलं चालली. मग सगळ्या तिच्याकडे धावल्या. एक, दोन, दहा, मग मोजता येईना. लिंबाएवढा गोळा झाला माश्यांचा आणि राणी दिसेनाशी झाली. मला वाटलं, स्वागत करतायत. मी हात जोडून उभी होते, चैत्राली. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या.

वीस मिनिटांनी तो गोळा खाली तळाला पडला आणि पांगला. ती पाय आखडून पडली होती.

गुरमेलजी रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, अनोळखी वासाची राणी आली की माश्या तिला घेरतात आणि अंगाची ऊब देऊन देऊन मारतात. डंख क्वचित, उकाड्यानेच जाते. पिंजरा तिला कोंडायला नसतो, वाचवायला असतो. बाहेरच्या माश्यांना तो साखरेचा गोळा खाता खाता चार दिवस जातात, तोवर तिचा वास त्यांच्या ओळखीचा होतो. मग वाट त्याच करून देतात. “जल्दी का प्यार है, बहनजी. उसी में मर गई.”

तुला वाटेल, आता म्हातारी म्हणणार की चैत्राली, तू ती राणी आणि आम्ही त्या माश्या. शुक्रवारी मी तेच म्हणत होते आणि रडत होते. पण काल भांडी विसळताना लक्षात आलं की हिशेबच चुकला. ते घर तुझं होतं. तू आणि शंतनु तीन वर्षं तिथे राहात होता. आईवडिलांना मिळतो त्या सुपर व्हिसावर नवीन आले ती मी. दारात चार दिवस थांबायचं होतं ते मला. मी पहिल्याच संध्याकाळी तुझे मसाल्याचे डबे वरच्या फळीवरून खाली आणले आणि म्हटलं, “अशी ठेवतात का हळद?” तू हसलीस आणि म्हणालीस, “तुम्हाला सोयीचं पडेल तसं ठेवा, आई.” तुझ्या घरात तू मला वाट करून दिलीस. मी आत आले आणि तुलाच घेरलं.

कार्ड मी फ्रिजवर लावलं होतं. मग काढून ठेवलं, शंतनूने विचारलं असतं.

गुरमेलजी आणखी एक राणी देणार आहेत. मला वाटलं होतं आता देणार नाहीत.

सुहासिनी


कोक्विटलाम
२७ जुलै

चैत्राली,

दुसरी राणी नांदली. पिंजरा टांगला आणि पाच दिवस मी खुर्चीवर हातांवर बसून राहिले, खोटं सांगत नाही. सहाव्या दिवशी उघडलं तर पिंजरा रिकामा होता. काल अंडी दिसली. कुंपणापलीकडच्या ब्लॅकबेरीला बहर आहे, पेटी जड व्हायला लागली आहे. पहिल्या वर्षीचा मध काढायचा नाही, तो त्यांच्या थंडीसाठी ठेवायचा, असं तुझ्या कोर्सच्या वहीत लिहिलंय. तुझी वही मी वाचते, हे सांगायचं राहिलं होतं.

आता जे सांगायचं राहिलंय ते.

फळी निसटली नव्हती.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी तू कोर्सला गेली होतीस आणि जेवायच्या वेळेपर्यंत आली नाहीस. शंतनूचं ऑफिसात काहीतरी बिनसलं होतं, त्याचं प्रमोशन दुसऱ्याला मिळालं होतं, तो आधीच धुमसत होता. त्यात मी ताट वाढताना म्हटलं, “आजही एकटाच जेव. तुझ्या बायकोला माश्या तुझ्यापेक्षा जवळच्या.” काडी मी लावली. तो उठला, खाली गॅरेजमध्ये गेला. मी वरून ऐकत होते. बर्फ काढायच्या फावड्याचा आवाज मला चांगला ओळखता येतो, सगळा हिवाळा तोच ऐकला आहे. सात वेळा आला. मी मोजले. मी खाली गेले तेव्हा तो फावडं हातात धरून उभा होता आणि रडत होता. मी फावडं घेतलं, भिंतीला लावलं. मग फळीचा एक ब्रॅकेट मी हाताने ओढून काढला. हो, मी. आणि त्याला म्हटलं, “फळी निसटली. समजलं?”

तू आलीस, पाहिलंस आणि म्हणालीस, “शंतनु, हे तू केलंस.”  मी म्हटलं, “अगं काहीतरीच काय, माझ्या डोळ्यांदेखत पडली.” तू माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मी रोज बघते.

आणि तेवढ्यावर थांबले नाही. तू तुझ्या घरी सांगशील म्हणून त्याच दिवशी मी आधी नागपूरला फोन केला. विश्वनाथरावांना म्हटलं, पोरीचं डोकं ठिकाणावर नाही, वस्तू पडली तरी नवऱ्याने फोडली म्हणते, जरा समजवा. तू फोन केलास तेव्हा ते आधीच समजून बसले होते.

का केलं? तुझे सासरे गेले तेव्हा तू या घरात आली नव्हतीस, त्यांना तू पाहिलं नाहीस. ताट भिरकावायचे. आमटी गार झाली, मीठ कमी झालं. शेजारच्या बाई विचारायच्या, आवाज कसला हो? मी म्हणायचे, “हातातून ताट निसटलं.” सव्वीस वर्षं माझ्या हातातून ताटं निसटत होती. शंतनु स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हे ऐकायचा. भिरकावणं तो बापाकडून शिकला असेल. पण नंतर काय म्हणायचं, ते मी शिकवलं.

तू एकटीच त्या घरात जे दिसलं ते बोललीस. आणि मी तुलाच वेडी ठरवलं. माफी मागत नाही, ती मागायचीसुद्धा काही लायकी लागते. फक्त हे तुझ्याकडे लेखी असू दे.

तुझ्या बाबांना फोन करायचा आहे. आधी शंतनूला सांगितल्याशिवाय करणार नाही, त्याच्या पाठीमागे पुष्कळ केलं. पण त्याला सांगायची मला भीती वाटते. या देशात मी त्याच्या सहीवर आहे, त्याच्याशिवाय मला इथे कोणी नाही. हे कारण नाही. आहे तसं सांगितलं.

सुहासिनी


कोक्विटलाम
१२ ऑक्टोबर

चैत्राली,

अडीच महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं म्हणून. आता केलं आहे.

काल थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागली, शंतनु घरी होता. सकाळी चहा घेताना मी म्हटलं, “गॅरेजचं बोलायचंय.”

तो म्हणाला, “आई, प्लीज, डोन्ट स्टार्ट अगेन. इट्स ओव्हर. डिव्होर्स पेपर्स होतील मार्चमध्ये.”

“मी विश्वनाथरावांना खरं सांगणार आहे. तुला आधी सांगते.”

“काय खरं? तूच म्हणालीस फळी निसटली. यू सॉ इट.”

चैत्राली, तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं, आठ महिन्यांत त्याचा त्यावर विश्वास बसला आहे. मी दिलेलं ते खोटं तो अंगावर घेऊन झोपतो, उठतो, ऑफिसला जातो.

मी म्हटलं, “मी काही पाहिलं नाही. मी ऐकलं. सात वेळा. खाली आले तेव्हा फावडं तुझ्या हातात होतं. ब्रॅकेट मी ओढला.”

त्याने कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, “व्हाय आर यू डुइंग धिस टू मी?” लहानपणी सायकलवरून पडला की असाच माझ्याकडे बघायचा, मीच पाडल्यासारखा. मी म्हटलं, “बाळा, तुला वाचवायला गेले आणि तुला तिथेच ठेवून दिलं. बाबांसारखा होऊ नकोस. कोणाला तरी दाखव, बोल कोणाशी.” तो उठून वर गेला. दार आपटलं नाही. हळूच लावलं, ते जास्त लागलं मला.

दुपारी खाली आला तेव्हा लॅपटॉप उघडा होता. फार सभ्यपणे म्हणाला, “आई, तुझं रिटर्न तिकीट जानेवारीचं आहे. दिवाळीच्या आधीचं मिळतंय. घेऊ?” मी म्हटलं, “घे.” अठरा तारखेचं आहे. तो रागावून म्हणाला नाही. मला वाटतं त्याला आता कोणीही बघायला नको आहे, त्यातल्या त्यात मी.

पेटी गुरमेलजी नेतील. थंडीत ते आपल्या पेट्यांबरोबर तिलाही गुंडाळून ठेवणार आहेत. ती तुझ्या नावावर लिहून घ्या म्हटलं. तुला नको असेल तर त्यांना कळव, मला नाही.

आज सकाळी आठला नागपूरला फोन लावला, तिथे रात्रीचे साडेआठ. विश्वनाथरावांनीच उचलला. “बोला, विहीणबाई.” अजून विहीणबाई म्हणतात. मी म्हटलं, स्पीकरवर टाका, प्रभाताईंनाही ऐकू दे. आणि सगळं सांगितलं. काडी मी लावली इथपासून ब्रॅकेटपर्यंत. तुम्हाला मी केलेला फोन खोटा होता, चैत्राली पहिल्या शब्दापासून खरं बोलत होती, हे दोनदा सांगितलं. 

 मग प्रभाताई रडायला लागल्या. विश्वनाथराव म्हणाले, “मी तिला म्हटलं होतं, खोटं बोलून संसार मोडू नकोस. हे मी म्हटलं. माझ्या मुलीला.”

“हो.”

“ती म्हणाली, बाबा, तुम्ही मला एकदा तरी विचारा. मी फोन ठेवला. तुमच्या शब्दावर, सुहासिनीताई.”

“हो.”

मला वाटलं आता चार शब्द सुनावतील. मी त्यासाठी तयार बसले होते, ते बरं वाटलं असतं.  पण त्यांनी विचारलं, “आता तिकडे हॅलिफॅक्सला किती वाजले असतील?”

मी म्हटलं, “दुपारचे साडेबारा.”

“जेवत असेल,” ते म्हणाले. “जेवू दे तिला. मग करतो.”

हे पत्र तुझ्याकडे पोचेल तोवर तो फोन येऊन गेला असेल. तू उचललास की नाही, हे मला कळणार नाही. मी विचारणारही नाही.

सुहासिनी